कुर्टला माफी, भावाला नाही?

पत्राचा गोषवारा: पत्र लिहिणाऱ्या ताई माध्यमिक शाळेतून निवृत्त झाल्या आहेत. भाचीनं, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीनं, त्यांना हेनिंग मानकेल या स्वीडिश लेखकाच्या 'फेसलेस किलर्स' या कादंबरीचा इंग्रजी अनुवाद आणून दिला. "आत्या, वाच, तुला आवडेल," एवढंच म्हणाली. ताईंनी तरुणपणी अर्नाळकर, शिरवळकर भरपूर वाचलेले, पण रहस्यकथा सुटून जमाना झालेला. या पुस्तकानं त्यांना पार धरून ठेवलं. इन्स्पेक्टर कुर्ट वालांडरची चार पुस्तकं वाचून झाली, पाचवं चालू आहे. कुर्ट पितो, चिडतो. बायको सोडून गेलेली, मुलगी दुरावलेली, बापाशी पटत नाही. तरी ताईंचा त्याच्यावर जीव जडला आहे; त्याला आपण सगळं माफ करतो, असं त्या लिहितात.

अडचण अशी की ताईंचा सख्खा भाऊही पितो. त्याच्या पतसंस्थेच्या कर्जाला ताई जामीन राहिल्या आणि पुढे हप्ते त्यांच्या पगारातून कापले गेले. त्याची बायको मुलीला घेऊन माहेरी निघून गेली. सहा वर्षांपूर्वी तो ताईंच्या मुलीच्या साखरपुड्याला पिऊन आला आणि पाहुण्यांसमोर नको ते झालं. तेव्हापासून बोलणं बंद आहे. राखी नाही, भाऊबीज नाही. परवा कुर्ट मुलीला फोन करतो ते पान वाचताना ताईंना रडू आलं. यजमान म्हणाले, "सख्ख्या भावाला दार बंद, आणि या गोऱ्या बेवड्यासाठी डोळ्यांत पाणी!" ते त्यांना फार लागलं. त्या विचारतात: मी ढोंगी आहे का? भावाला फोन करावा का? आणि रात्रीची झोप उडवणारी ही पुस्तकं पुढे वाचावीत की थांबावं?

प्रिय ताई,

तुमच्या यजमानांचं वाक्य खटकेबाज आहे, म्हणून ते खरंही वाटतं. पण त्यात एक गोष्ट परस्पर गृहीत धरली आहे: माणसाजवळ कणव मापातच असते, आणि ती कुर्टवर खर्च झाली म्हणजे भावाच्या वाट्याची कमी पडली. असा हिशेब नसतो हो. कुर्ट वालांडरनं तुम्हाला कधी जामीन राहा म्हटलं नाही. तो तुमच्या घरच्या कार्यात झिंगत आला नाही. पुस्तक मिटलं की तो गप्प बसतो, भावाचं तसं नसतं. ज्याच्यापासून आपल्याला काही भीती नाही त्याच्यासाठी डोळे भरून येणं सोपं असतं. ते सोपं आहे म्हणून खोटं ठरत नाही. तेव्हा ढोंगी हा शब्द आधी खोडून टाका.

मला तुमच्या पत्रात दुसराच एक शब्द खटकला. तुम्ही लिहिलंय की कुर्टला तुम्ही 'माफ' करता. खरंच करता का?

'फेसलेस किलर्स'मधला तो प्रसंग आठवा. कुर्ट माल्मो शहरात मोनाला, म्हणजे सोडून गेलेल्या बायकोला, भेटायला जातो. परत ये म्हणून गयावया करतो, ती नाही म्हणते. मग हा प्यायलेल्या अवस्थेत गाडी काढून घरी निघतो. वाटेत पोलिसांची गाडी त्याला अडवते. तिच्यात पीटर्स आणि नोरेन असतात, त्याच्याच ठाण्यातले. ते त्याला घरी पोचवतात आणि प्रकरण तिथंच मिटतं. दारू पिऊन गाडी हाकण्याच्या बाबतीत स्वीडन कडक देश आहे. आज तिथली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढीच आहे. आपल्याकडे ती ३० आहे. त्या रात्री गाडीत दुसरे कोणी पोलीस असते तर कुर्टची नोकरीच धोक्यात आली असती.

आता सांगा, त्या दोघांनी त्याला सोडलं तेव्हा तुम्हाला काय वाटलं? हायसं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. त्याच रस्त्यावर समोरून कुणी सायकलवर येत असेल, हे त्या क्षणी मनात आलंसुद्धा नाही. कारण लेखकानं आपल्याला कुर्टच्या शेजारच्या सीटवर बसवलेलं असतं. लेनार्पच्या शेतघरातल्या म्हाताऱ्या जोडप्याचा खून कुणी केला ते शोधायला उद्या सकाळी हाच माणूस हवा आहे. त्यामुळे आज रात्री त्याचं निभावून जावं असं आपल्यालाच वाटत असतं. पीटर्स आणि नोरेनलाही तेच वाटलं. पिणाऱ्या प्रत्येक माणसाभोवती असे पीटर्स-नोरेन असतात: ऑफिसात हजेरी सांभाळून घेणारे, साहेबाला 'त्याला ताप आहे' असं सांगणारे, आणि, रागावू नका, पतसंस्थेच्या फॉर्मवर जामीनदार म्हणून सही करणारे. म्हणजे पिणाऱ्याला सांभाळून घेणं तुम्ही पुस्तकाच्या बऱ्याच आधी, प्रत्यक्षात करून बसला आहात. त्याचे हप्तेही भरले आहेत. पुस्तकात मात्र ते सगळं फुकटात करायला मिळतं, म्हणून गोड लागतं.

हा तुमच्यावर ठपका नाही. सही केलीत ती मायेनंच केलीत. पण 'मी परक्याला माफ करते आणि घरच्याला नाही' ही जी टोचणी लागली आहे, ती घटनाक्रमाला धरून नाही. घरच्याला तुम्ही आधी पुष्कळ वेळा माफ केलंत, मग थांबलात.

आणि या मालिकेत थांबलेली आणखी एक बाई आहे. मोना. आपण तिच्याकडे फारसं बघतच नाही, कारण ती कुर्टच्या फोनच्या पलीकडे असते. पण मानकेलनं तिला कैदाशीण केलेलं नाही हे तुमच्या लक्षात आलं असेल. तिनं का सोडलं याची फिर्याद तो आपल्यासमोर मांडत नाही आणि तिनं परत यावं असा घाटही घालत नाही. ती गेली, तिचं आयुष्य चालू आहे, एवढंच. कुर्टबद्दल इतकं हळवं करून टाकणारा लेखक मोनाला एकदाही 'जरा मन मोठं कर' म्हणत नाही. माझ्या मते या पुस्तकांतली ही सगळ्यांत सभ्य गोष्ट आहे. तुमचे यजमान जे तुम्हाला म्हणाले ते मानकेल मोनाला म्हणाला नसता.

थोडं या जातीच्या नायकाबद्दल. खोट असलेला गुप्तहेर काही नवा नाही. होम्ससुद्धा कोकेन टोचून घ्यायचा. १८९० च्या 'द साइन ऑफ द फोर'ची सुरुवातच त्या सुईनं होते. पण होम्सला त्याची किंमत मोजावी लागत नाही. आपल्याकडच्या झुंजारला तर खोट असण्याची गरजच नव्हती, आणि अर्नाळकरांनी हजारावर पुस्तकं लिहिली तरी वाचकांनी तशी खोट मागितली नाही. स्वीडनमध्ये हे चित्र बदललं ते माय शोवाल आणि पेर वालू या जोडप्यानं. १९६५ ते १९७५ या दहा वर्षांत त्यांनी मार्टिन बेक या पोलीस अधिकाऱ्याच्या दहा कादंबऱ्या लिहिल्या. बेकचं पोट बिघडलेलं, संसार विसकटलेला, सर्दी कायमची. मानकेल त्यांच्याच वाटेनं आला. तो १९९० मध्ये आफ्रिकेतून मायदेशी परतला तेव्हा परदेशी लोकांबद्दलचा द्वेष वाढलेला त्याला दिसला आणि त्यातून १९९१ मध्ये 'फेसलेस किलर्स' आलं. मरता मरता ती म्हातारी 'परदेशी' एवढंच बोलते, ते बाहेर फुटतं आणि निर्वासितांच्या छावणीवर हल्ले सुरू होतात, ते उगाच नाही. कुर्टचं नाव म्हणे त्यानं टेलिफोन डिरेक्टरीतून उचललं.

त्यानंतर जगभर अशा नायकांचं पीक आलं, आणि मला त्यातलं बरंचसं आवडत नाही. बाटली, घटस्फोट, बंद पडलेली गाडी, जुन्या गाण्यांची आवड, हे सगळं आता मसाल्यासारखं वरून भुरभुरलेलं असतं. नायक चारशे पानं सगळ्यांशी तिरसटासारखा वागतो आणि शेवटच्या चाळीस पानांत खुनी पकडतो, की झाला हिशेब चुकता. या साच्यात एक गोष्ट लपलेली आहे, तिच्यापासून जपा. तो साचा सांगतो की आतला चांगला माणूस शेवटी बाहेर येतोच, फक्त वाट पाहायला हवी. ज्यांच्या घरी पिणारं माणूस आहे त्यांनी अशी वाट आयुष्यभर पाहिलेली असते.

मानकेल वेगळा वाटतो तो इथं. तो बिल लावतो. सातव्या पुस्तकात कुर्टला मधुमेह निघतो (हे सांगितल्यानं रहस्याचं काही बिघडत नाही). त्याचा किस्सा मानकेल स्वतः सांगत असे: हा माणूस इतका वेडावाकडा जगतो, याला कुठला आजार होईल, असं त्यानं एका डॉक्टर मैत्रिणीला विचारलं, आणि ती क्षणाचाही विचार न करता म्हणाली, मधुमेह. अवेळी खाल्लेले बर्गर, ठाण्यातली कॉफी, अपुरी झोप आणि व्हिस्की यांची बेरीज शरीर कुठंतरी करतंच. चौथ्या पुस्तकाची सुरुवात आठवा. कर्तव्यावर असताना त्याच्या हातून एक माणूस मेला म्हणून वर्षाहून जास्त काळ तो रजेवर आहे, पीत राहिला आहे, आणि डेन्मार्कच्या स्कागेन गावच्या किनाऱ्यावर एकटा फिरतो आहे. तिथं मानकेल त्याला शूरवीर करत नाही. वाळूत चालणारा एक संपत आलेला माणूस एवढाच तो दिसतो.

तरीही तुमचा भाऊ म्हणजे कुर्ट नव्हे. कुर्टचं पिणं एकटेपणाचं आहे, ते चढतं आणि उतरतं, आणि कथानकाला गरज असेल तेव्हा तो पहाटे सहाला ताजातवाना ठाण्यात हजर असतो. व्यसनाला अशी सवड देता येत नाही. तुम्ही लिहिलेल्या गोष्टी, म्हणजे थकलेलं कर्ज, निघून गेलेली बायको, भर कार्यात सुटलेला तोल, या एका आजाराच्या खुणा आहेत, आणि तो आजार बहिणीच्या रुसण्यानं बरा होत नाही तसा बहिणीच्या फोननंही होत नाही. म्हणून फोन करावा का, या प्रश्नाच्या आधी दुसरा प्रश्न: फोन केल्यावर काय व्हावं असं तुम्हाला वाटतं?

तो सुधारावा म्हणून करणार असाल तर करू नका. तुम्ही पुन्हा निराश व्हाल आणि त्याच्या पदरात पुन्हा एक नापास झाल्याची नोंद पडेल. तुमची टोचणी जावी म्हणून करणार असाल तर थोडं थांबा. त्यासाठी चौथं पुस्तकच पुन्हा चाळा. स्टेन टोर्स्टेन्सन हा वकील मित्र स्कागेनला येऊन कुर्टकडे मदत मागतो, कुर्ट नाही म्हणतो, आणि काही दिवसांत स्टेनचा खून होतो. त्या अपराधी भावनेवर पुढची सगळी कादंबरी चालते. कादंबरीला ते इंजिन उत्तम आहे. नात्याला नाही. अपराधी वाटून केलेल्या फोनमध्ये माणूस नको ते कबूल करून बसतो. 'बरं, या वेळेपुरते पाच हजार पाठवते' हे वाक्य बहुतेक वेळा तिथंच जन्माला येतं.

आणि नुसतंच तो कसा आहे हे कळावं, त्याचा आवाज ऐकू यावा असं वाटत असेल, तर जरूर करा. त्याला राखीपौर्णिमेची किंवा भाऊबीजेची वाट पाहू नका; सणाच्या दिवशी दोन्ही बाजूंना फार अपेक्षा असतात. साधा मंगळवार-बुधवार बघा. वेळ सकाळची, दहाच्या आत. "मी ताई बोलतेय. कसा आहेस ते विचारायला फोन केला, बाकी काही नाही," इतकं बोलणं पुरे. तो पूर्वीचं काढेल तर "ते आज नको" म्हणा. जीभ जड वाटली तर "नंतर बोलू" म्हणून ठेवा, आवाज चढवू नका आणि दुपारी परत फोन करू नका. पैशांचा विषय निघाला तर उत्तर आधीच ठरलेलं असू द्या: पैसे नाही, जामीन नाही, सही कुठल्याच कागदावर नाही. हे उत्तर यजमानांना आधी सांगून ठेवा. टोमणा मारला असला तरी या बाबतीत ते तुमच्या बाजूचेच निघतील असं मला वाटतं.

तो स्वतःहून 'सोडायचंय' म्हणाला तरच पुढचं बोला. पुण्याचं मुक्तांगण तुम्हाला ऐकून माहीत असेल; डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी १९८६ मध्ये सुरू केलेलं. तिथं आणि अशा इतर केंद्रांत दाखल होण्याचं रुग्णानं स्वतः ठरवावं लागतं, पण चौकशी नातेवाइकांनी केली तर चालते. त्याहीपेक्षा तुम्हाला स्वतःसाठी मी एक सुचवीन. पिणाऱ्यांच्या घरच्या माणसांसाठी अल-अनॉन नावाचे गट असतात, महाराष्ट्रात बऱ्याच शहरांत त्यांच्या बैठका होतात. त्यात तुमच्या भावानं यायचं नसतं, तुम्ही जायचं असतं. पैसे पडत नाहीत, नाव-आडनाव सांगावं लागत नाही. जामीनदारीच्या सहीची गोष्ट तिथं सांगितलीत तर खोलीतल्या निम्म्या माना हलतील.

आणि फोन करायचाच नाही असं ठरवलंत, तर तेही ठीक आहे. मोना वाईट बाई नाही हे आपण मान्य केलंच आहे.

आता तुमच्या पत्रातल्या त्या ओळीकडे येते, जी तुम्ही घाईनं लिहून पुढे गेलात. पुस्तक भाचीनं दिलं. तुमची भाची म्हणजे त्या भावाची मुलगी. तिचे वडील पितात, आई तिला घेऊन निघून गेली, आणि तिनं आत्याच्या हातात जे पुस्तक ठेवलं त्यात पिणारा बाप आहे, निघून गेलेली आई आहे, आणि लिंडा नावाची मुलगी आहे जी कधी फोन उचलते, कधी उचलत नाही. तुम्ही चार पुस्तकं कुर्टच्या शेजारी बसून वाचलीत. भाचीनं ती कुठं बसून वाचली असतील?

यात मी फार अर्थ काढत असेनही. मुलांना एखादं पुस्तक आवडतं आणि ती ते वाटत सुटतात, इतकंच असू शकतं. म्हणून तिला थेट 'तू मला हे का दिलंस' असं विचारू नका. उलटतपासणी झाल्यासारखं होईल. पुस्तकाबद्दलच बोला. लिंडा तुला कशी वाटली? पहिल्या पुस्तकात ती बापाला टाळते ते तुला पटलं का? तो म्हातारा चित्रकार आजोबा, जो आयुष्यभर एकच सूर्यास्त रंगवतो, कधी पक्षी घालून तर कधी पक्ष्याशिवाय, त्याचा राग येतो की हसू येतं? तिला बोलायचं असेल तर ती या वाटेनं बोलेल, नसेल तर पुस्तकावरच्या गप्पा झाल्या, त्याही काही कमी नाहीत. एक मात्र पाळा: तिच्याकरवी भावाला निरोप धाडू नका, आणि 'बाबा कसे आहेत गं' हे पहिल्या दहा मिनिटांत विचारू नका. अशा घरातल्या मुलांना सगळे नातेवाईक पोस्टमन म्हणूनच वापरतात. आत्यानं तरी तसं करू नये.

तुम्ही सहा वर्षं भावाशी बोलत नाही, पण भाची तुमच्याकडे येते, पुस्तकं देते. म्हणजे दार बंद आहे हे यजमानांचं म्हणणं पुरतं खरं नाही. त्यांना हे जरूर ऐकवा. आणि जमलं तर पहिलं पुस्तक त्यांच्याही उशाशी ठेवा. टोमणे मारणारी माणसं मानकेलला बऱ्यापैकी लवकर वश होतात, असा माझा अनुभव आहे.

राहिला वाचनाचा प्रश्न. वाचत राहा, पण रात्री अंथरुणात नको. पाचव्या पुस्तकात, 'साइडट्रॅक्ड'मध्ये, पिवळ्याधमक शेतात उभी राहिलेली ती मुलगी तुम्ही सुरुवातीलाच वाचली असेल. तसं काही वाचून दिवा मालवला तर झोप कशी येणार? दुपारचा चहा ते संध्याकाळचं फिरणं ही वेळ चांगली. दोन पुस्तकांच्या मध्ये दुसरं काहीतरी वाचा, हलकंफुलकं असलं तरी चालेल. सलग वाचलं की स्कोने प्रांतातलं ते मळभ आपल्याच घरात शिरतं, आणि कुर्टच्या इस्टाड गावात रोज मुडदे पडतात असं वाटायला लागतं. प्रत्यक्षात ते समुद्रकाठचं वीसेक हजार वस्तीचं शांत गाव आहे. पर्यटक वालांडरच्या खुणा शोधत तिथं हिंडतात.

क्रम सोडू नका. इंग्रजी अनुवाद क्रमानं आले नाहीत, त्यामुळे पुस्तकांच्या दुकानात आणि वाचनालयात घोटाळा होतो. तुमचं चौथं 'द मॅन हू स्माइल्ड' स्वीडिशमध्ये १९९४ चं, पण इंग्रजीत आलं २००५ मध्ये, त्याच्या नंतरची बरीच पुस्तकं येऊन गेल्यावर. मागच्या पानावरची यादी बघताना मूळ स्वीडिश साल बघा. या मालिकेत खुनी कोण यापेक्षा कुर्टचं वय किती झालं याला महत्त्व आहे, आणि ते उलटसुलट वाचलं तर सगळी गंमत जाते. मालिकेकडे नव्यानं वळणाऱ्या इतर वाचकांनाही हेच सांगीन. शिवाय ज्यांच्या घरी पिणारं माणूस आहे त्यांनी पहिलं पुस्तक पन्नासेक पानं वाचून थांबावं आणि स्वतःला विचारावं की आपल्याला गोष्टीची ओढ लागली आहे की जुनी भीती पोटात परत आली आहे. भीती असेल तर पुस्तक बाजूला ठेवण्यात काही हरल्यासारखं नाही. बेकच्या कादंबऱ्या त्या मानानं कोरड्या आहेत, त्या सोसतील.

टीव्हीवरचं आत्ता बघू नका. केनेथ ब्रॅनाची इंग्रजी मालिका देखणी आहे, पण त्यात कुर्टच्या डोक्यात चाललेली भणभण येत नाही. क्रिस्टर हेन्रिक्सनची स्वीडिश मालिका मला जास्त भावली. दोन्ही पुस्तकं संपल्यावर.

आणि आठव्या पुस्तकानंतर, म्हणजे 'फायरवॉल'नंतर, लगेच शेवटच्या पुस्तकावर उडी मारू नका. मध्ये २००२ चं 'बिफोर द फ्रॉस्ट' आहे, ते बरेच जण गाळतात कारण ते कुर्टचं मानलं जात नाही. ते लिंडाचं आहे. बाप तोच, इस्टाड तेच, पण तो घरात कसा वागतो, केव्हा चिडतो, केव्हा खोटं बोलतो हे सगळं मुलगी बघते आहे. ते भाचीबरोबर एकाच वेळी वाचता आलं तर बघा, दोन प्रती घ्या. २००९ चं 'द ट्रबल्ड मॅन' त्यानंतर. ते कशावर संपतं ते मी सांगणार नाही. घरात कुणाचं लांबलेलं म्हातारपण ज्यांनी निस्तरलं आहे त्यांना ते जड जाईल, एवढं सांगून ठेवते. ते घर माणसांनी भरलेलं असेल अशा दिवसांत वाचायला घ्या.